बाहेरच्या हवेवर चालणारा बॉयलर : एक तुलनात्मक अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बॉयलरवर लेख लिहावा याचे वाचकांस नवल वाटेल. यंत्रशास्त्राशी माझा संबंध आमच्या न्हाणीघरातील तांब्याच्या बंबापुरताच होता. परंतु गेल्या वर्षी एका घरगुती हिशेबाच्या निमित्ताने या विषयात शिरावे लागले, आणि वर्गात शिकलेले कॉस्टिंग प्रत्यक्षात कोठे उपयोगी पडते व कोठे अपुरे पडते, हे त्या हिशेबाने मला शिकवले. तोच अनुभव येथे मांडीत आहे.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लीड्स शहरी इस्पितळात परिचारक आहे. खानापूर तालुक्यातील आमची मावशी नातवाच्या ओढीने २०२४ च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेली. जानेवारीत एके सकाळी दादा रात्रपाळी करून घरी परतला, तेव्हा भिंतीवरचा थर्मोस्टॅट १४ अंशांवर आणून ठेवलेला होता, आणि मावशी दोन शाली व स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसली होती. "माझ्यापायी तुझं बिल कशाला वाढवू?" एवढेच ती म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातील हवा किमान १८ अंश सेल्सिअस असावी असे म्हटले आहे. वृद्धांस व लहान मुलांस त्याहून अधिक उबेची गरज असू शकते. दादाला काळजी वाटणे साहजिकच होते. त्याने तीन कोटेशने मागवली आणि मला निरोप धाडला, "अगं, तू कॉस्टिंग शिकतीस की! ह्यातलं कुठलं घ्यायचं ते सांग."

बॉयलरचे अंतरंग

इंग्लंडमधील बहुतेक घरांत नैसर्गिक वायूवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते नळांतून खोल्यांतील रेडिएटरांत जाते, उष्णता देऊन थंड होते व परत येते. जाणारे पाणी आणि परतीचे पाणी, हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा हिशेब त्यांवरच आहे.

आपल्या बंबाच्या धुराड्याला हात लावून पाहा. जी उष्णता तेथे चटका देते, ती पाण्याच्या उपयोगी पडलेली नाही. शिवाय वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तीही धुराबरोबर निघून जाते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला जे थेंब जमतात, ते वाफेचे पाणी होताना उष्णता सोडून देत असतात. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. कन्नड विभागातील माझी मैत्रीण तिला गुप्तोष्ण म्हणते. कंडेन्सिंग बॉयलर ही गुप्त ठेव वसूल करतो : धूर बाहेर सोडण्याआधी तो परतीच्या पाण्याने थंड करतो, वाफेचे थेंब होतात, आणि त्यांची उष्णता पुन्हा पाण्यात येते.

परंतु यास एक अट आहे. नैसर्गिक वायूच्या धुरातील वाफ सुमारे ५५ अंशांखालीच थेंबरूप होऊ लागते. परतीचे पाणी त्याहून गरम असेल तर नावाने कंडेन्सिंग असलेला बॉयलर प्रत्यक्षात साध्या बॉयलरासारखाच चालतो. परतीचे पाणी ६० अंश असता कार्यक्षमता सुमारे ८७ टक्के, ४५ अंश असता सुमारे ९१, आणि ३५ अंशांच्या आसपास सुमारे ९५ टक्के मिळते. इंग्लंड व वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून नवा वायू-बॉयलर बहुतांशी कंडेन्सिंगच बसवावा लागतो. यंत्र बदलले, पण पाणी पूर्वीइतकेच कढत ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत तशीच राहिली.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांस रुचेल अशी एक गंमत सांगते. काही युरोपीय माहितीपत्रकांत बॉयलरची कार्यक्षमता १०७ टक्के छापलेली आढळते. शंभर रुपयांचा माल घेऊन एकशे सात रुपयांची उष्णता कशी? ही सारी छेदाची करामत आहे. वायूची उष्णता दोन प्रकारे मोजतात : वाफेची गुप्त उष्णता धरून किंवा ती वगळून. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दोहोंत सुमारे ११ टक्क्यांचा फरक पडतो. छेदात ती वगळायची आणि अंशात मात्र मोजायची, म्हणजे शंभरावर आकडा जातोच. तेव्हा टक्केवारी दिसली की आधी छेद विचारावा. या लेखातील माझे आकडे सारी उष्णता धरून काढलेल्या, म्हणजे शंभराच्या आतल्या मापाने आहेत.

नियंत्रणाचे चार प्रकार

पहिला प्रकार साधा थर्मोस्टॅट. खोली थंड झाली की बॉयलर चालू, गरम झाली की बंद. पाण्याचे तापमान बॉयलरवरच्या चाकाने ठरते व वर्षभर तेच राहते. दादाकडे हाच होता आणि चाक ७५ वर होते. चालू असता रेडिएटर चटके देई, बंद झाला की थंडगार पडे.

दुसरा प्रकार बाहेरच्या हवेनुसार, ज्यास तिकडे वेदर कॉम्पेन्सेशन म्हणतात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटा सेन्सर बसवतात. बाहेर जितकी थंडी अधिक तितके जाणारे पाणी गरम. हवा मवाळ झाली की पाणी आपोआप कोमट.

तिसरा प्रकार खोलीच्या मागणीनुसार, म्हणजे लोड कॉम्पेन्सेशन. खोली ठरवलेल्या तापमानाच्या किती खाली आहे हे पाहून हा पाणी कमीजास्त तापवतो. उत्तम प्रतीचे स्मार्ट थर्मोस्टॅट या वर्गात मोडतात. मात्र स्मार्ट म्हणून विकला जाणारा प्रत्येक थर्मोस्टॅट तसा नसतो. पुष्कळसे बॉयलरला केवळ चालू-बंद सांगतात. पाणी किती तापवावे हे सांगण्यास बॉयलरशी आकड्यांत बोलावे लागते. त्यासाठी ओपनथर्म ही दोन तारांवरची सामाईक भाषा आहे, तर काही कारखान्यांची स्वतःची भाषा असते, उदाहरणार्थ व्हायलंटची ई-बस. आम्हां सीमाभागातील मंडळींना हे चटकन उमगावे : बोलणारा हुशार असून भागत नाही, ऐकणाऱ्याला ती भाषा यावी लागते.

चौथा प्रकार दुसऱ्या-तिसऱ्याचा संगम : बाहेरचा सेन्सर आणि आतलाही.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील भेद मी स्वतःसाठी असा मांडला. बाहेरचा सेन्सर म्हणजे अंदाजपत्रक. खर्च होण्याआधीच कारण पाहून तरतूद करतो. आतला सेन्सर म्हणजे विचलनाचे विश्लेषण. प्रत्यक्षात किती फरक पडला ते पाहून दुरुस्ती करतो. केवळ अंदाजपत्रकाला हे कळत नाही की आज खिडकीतून ऊन आले किंवा घरी चार पाहुणे जमले. केवळ विचलन पाहणाऱ्याला थंडीची लाट आलेली कळते, पण खोली गार पडल्यावर.

सरकारी नियमांतही हे भेद आहेत. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'बॉयलर प्लस' नियमानुसार कॉम्बी बॉयलर बसवताना चार उपायांपैकी एक करावाच लागतो : बाहेरच्या हवेनुसार नियंत्रण, खोलीच्या मागणीनुसार नियंत्रण, स्वतः शिकणारा स्मार्ट थर्मोस्टॅट, किंवा धुरातील उष्णता वसूल करणारे जोडयंत्र. दादाचा बॉयलर २०१६ चा, म्हणून त्यातून सुटलेला.

लेबलवरचा हिशेब

युरोपीय संघाच्या २०१५ पासून लागू असलेल्या लेबल-पद्धतीत नियंत्रकांचे आठ वर्ग आहेत व प्रत्येकास ठरावीक टक्के श्रेय मिळते. साधा चालू-बंद थर्मोस्टॅट पहिल्या वर्गात, १ टक्का. पाणी कमीजास्त तापवू शकणाऱ्या बॉयलरसाठी बाहेरचा सेन्सर दुसऱ्या वर्गात, २ टक्के. खोलीनुसार पाणी बदलणारा पाचव्या वर्गात, ३ टक्के. बाहेरचा व आतला मिळून सहाव्या वर्गात, ४ टक्के.

आता दादाची बिले घेऊ. वर्षाचा वायू ११,४०० युनिट. उन्हाळ्यात घर तापवावे लागत नाही, तरी महिन्याला २०० युनिट लागतच होते. ते स्नानाच्या पाण्याचे. हा झाला स्थिर भाग, बारा महिन्यांचे २,४००. उरलेले ९,००० युनिट घर तापवण्याचे. गणितासाठी युनिटला ६ पेन्स धरले, म्हणजे ५४० पौंड.

कोटेशने अशी होती. बाहेरचा सेन्सर, मजुरीसह १२० पौंड. ओपनथर्मचा स्मार्ट थर्मोस्टॅट २२० पौंड. दोन्ही सेन्सरांचा नियंत्रक २६० पौंड. लेबलच्या श्रेयातून सध्याचा १ टक्का वजा केला तर वर्षाची बचत अनुक्रमे ५.४०, १०.८० व १६.२० पौंड येते. भांडवल फिटण्यास सुमारे २२, २० व १६ वर्षे! बॉयलरचे आयुष्यच त्याहून कमी. मी दादाला ऐटीत कळवले, "काहीच घेऊ नकोस."

हा कागद मी आमच्या कॉस्टिंगच्या सरांना दाखवला. त्यांनी गुणाकार तपासला, तो बरोबर होता. मग विचारले, "हे टक्के तुझ्या दादाच्या घराचे आहेत काय?" ते तसे नव्हते. ते कोणत्याही घरास सरसकट दिलेले श्रेय होते. दादाच्या घरी पाणी ७५ अंशांनी जाते, ही मुख्य बाब माझ्या हिशेबात कोठेच नव्हती.

पाण्याचा हिशेब

तेव्हा मी पुन्हा बसले. समजा बाहेर उणे २ अंश असता घर २० अंशांवर ठेवण्यास जाणारे पाणी ७५ व परतीचे ५५ लागते. रेडिएटर जितका खोलीहून गरम, तितकी उष्णता अधिक. परंतु हे प्रमाण सरळ नसून थोडे वक्र असते. ते धरून गणित केले असता असे आकडे येतात :

बाहेर उणे २ : जाणारे ७५, परतीचे ५५.
बाहेर ५ : जाणारे ६०, परतीचे ४७.
बाहेर ९ : जाणारे ५१, परतीचे ४१.
बाहेर १३ : जाणारे ४२, परतीचे ३५.

उणे २ चे दिवस लीड्समध्ये थोडे. ५ ते ९ अंशांचे पुष्कळ. म्हणजे हिवाळ्यातील बहुतेक दिवस पाणी गरजेपेक्षा कढत जात होते, आणि गुप्त ठेव धुराड्यातून उडून जात होती.

सरासरी कार्यक्षमता ८७ वरून ९१ वर आली तर ९,००० युनिटांचे काम सुमारे ८,६०० युनिटांत होते. बचत २४ पौंड. यास खर्च किती? शून्य. बॉयलरवरचे चाक ७५ वरून ६० वर आणले की झाले. बाहेरच्या सेन्सरने सरासरी ९३ गाठली तर बचत ३५ पौंड. म्हणजे सेन्सरची बचत ३५ हे म्हणणे खरे असले तरी पुरते खरे नाही. त्यातले २४ तर फुकटच्या चाकाचे. सेन्सरच्या पदरात सीमांत बचत ११ पौंडांचीच, आणि १२० पौंड फिटण्यास अकरा वर्षे. विक्रेते बहुधा सर्वांत वाईट स्थितीशी तुलना करून दाखवतात. आपण सर्वांत स्वस्त उपायाशी करावी, हा यातील पहिला धडा.

यावरून शुद्ध पैशाच्या हिशेबात चाकाचा पहिला क्रमांक लागतो. परंतु चाक फिरवायचे कोणी? ६० वर ठेवलेले चाक उणे २ च्या रात्री अपुरे पडते. दादा रात्रपाळीवर, वहिनी लेकराच्या मागे, आणि मावशीला बॉयलरची भीती. ज्या दिवशी उबेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी घर गार. शिवाय मावशीची सवय निराळीच. रेडिएटर चटका देऊ लागला की तिला पैसे जळताना दिसत, आणि ती उठून थर्मोस्टॅट खाली करी. हा खर्च माझ्या कागदावर कोणत्या रकान्यात घालायचा? दोन शाली घालून बसलेल्या माणसाची नोंद खतावणीत होत नाही. ती नोंद नाही म्हणून खर्च नाही असे मी पहिल्या वेळी समजले, हीच माझी चूक.

मी दादाला दुसरे पत्र लिहिले : "आज रात्रीच चाक ६० वर आण, ते फुकट आहे. आणि बाहेरचा १२० चा सेन्सर घे. पैसे सावकाश फिटतील, पण चाक फिरवायला घरात कुणी जागं राहावं लागणार नाही. जुना थर्मोस्टॅट २१ वर ठेव. ऊन आलं, पाहुणे आले, तर तो वरची मर्यादा सांभाळेल." दुरुस्तीवाल्याने बॉयलर पाहून त्यास हा सेन्सर जोडता येतो असे आधीच सांगितले होते. २६० चा नियंत्रक सर्वांत चांगला खरा, पण बॉयलर जुना झालेला. नवा घेतील तेव्हा त्यासोबत तो घ्यावा.

बसवताना व बसवल्यावर

सेन्सर उत्तर किंवा वायव्येच्या भिंतीवर असावा. उन्हात किंवा धुराड्याजवळ बसवला तर त्याला खोटाच उन्हाळा भासतो. मग तापरेषा जुळवावी लागते. ही रेषा म्हणजे आपले स्थिर व चल खर्चाचे समीकरणच. कडाक्याच्या थंडीतच घर गार पडत असेल तर उतार वाढवावा. मवाळ हवेतही गार वाटत असेल तर सबंध रेषा थोडी वर उचलावी. एका वेळी थोडाच बदल करून दोन दिवस थांबावे.

तीन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. दादाचा बॉयलर कॉम्बी, म्हणजे स्नानाचे पाणी लागेल तेव्हा स्वतंत्रपणे तापवणारा. जेथे गरम पाण्याची टाकी असते तेथे ती ६० अंशांपर्यंत तापली पाहिजे, नाहीतर लिजिओनेला जातीचे जंतू वाढण्याचा धोका असतो. तेव्हा टाकीसाठी निराळी जोडणी हवी. दुसरे, बॉयलरला खालची मर्यादा असते. मवाळ दिवशी घराची गरज दोन-अडीच किलोवॉट आणि बॉयलर पाच-सहाच्या खाली उतरतच नसेल, तर कोणताही नियंत्रक लावला तरी तो चालू-बंद होत राहणार. तिसरे, बचत झाली की नाही हे दोन वर्षांची बिले शेजारी ठेवून कळत नाही, कारण थंडी दरवर्षी सारखी नसते. ब्रिटनमध्ये त्यासाठी १५.५ अंश हा पाया धरतात. दिवसाची सरासरी ५.५ असेल तर त्या दिवसाचे दहा अंश-दिवस झाले. तापवण्याचे युनिट भागिले अंश-दिवस, हा आकडा घटला तर बचत खरी.

जानेवारीच्या अखेरीस सेन्सर बसला. चौथ्या दिवशी मावशीचा मला फोन. "अगं, ते तुझं यंत्र बिघडलंय बघ. रेडिएटरला हात लावला तर नुसतं कोमट लागतंय की!" मी म्हटले, "मावशी, रेडिएटरला नको हात लावूस. टेबलावरचा तापमापक बघ. किती दाखवतोय?" ती उठून पाहून आली. "वीस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "शाल काढली होती मी सकाळी. ध्यानातच नाही आलं."

त्यानंतर तिने थर्मोस्टॅटला हात लावला नाही. चटका नाही म्हणून पैसे जळताना दिसले नाहीत, आणि बंद करण्यासारखे तिला काही सापडले नाही. मार्चअखेर ती खानापूरला सुखरूप परतली.

माझा निष्कर्ष थोडक्यात असा. लेबलवरील टक्के पाहून नियंत्रक निवडू नये. परतीच्या पाण्याचे काय होते ते पाहावे. फुकटचा उपाय आधी करावा आणि विकतच्या उपायाची किंमत त्याच्या पुढच्या फायद्याशी ताडून पाहावी. आणि शेवटी हे विचारावे, की यंत्राने जे काम केले नाही ते घरातल्या कोणाच्या अंगावर पडते? कॉस्टिंगच्या पेपरात या प्रश्नास गुण नाहीत. तरी वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी तो विचारावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करते.